गिरडच्या किनाऱ्यावर

६ जून १९७९. दुसऱ्या दिवशी मृग लागणार होता आणि मी अंगणात सरकी शेणमातीत घोळत होते. असं घोळलं की पेरताना बी एकमेकाला चिकटत नाही. भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. अंगात आलेल्या बायकांना मी थंड पाणी पाजून घरी पाठवलेलं आहे. तरी हे लिहिते आहे.

आमचं घर समुद्रपूर तालुक्यात, गिरडच्या अलीकडे; खरा समुद्र इथून शेकडो मैल लांब. विधवा धाकटी जाऊ सुलभा आमच्याकडेच राहायची. ती कोकणातली, दीर मुंबईला गिरणीत असताना लग्न करून आणलेली. माहेरी एकच भाऊ उरला होता, तो होडी घेऊन मासेमारीला जायचा. म्हणून ती रोज संध्याकाळी ट्रान्झिस्टर कानाशी धरून मच्छीमारांसाठीचा इशारा ऐकायची. आमचे हे हसायचे. "आपल्याकडं एकच समुद्र, समुद्रपूर. थो खवळला त फार त पंचायतीची मीटिंग बंद पडते."

मृगाच्या आठ दिवस आधी तार आली... भाऊ वादळात बेपत्ता, लगेच ये. सुलभा शेतात होती. तार माझ्या हातात पडली, मी यांना दाखवली.

"पेरनी होऊ दे, मंग सांगजो," हे म्हणाले. "आता गेली त सरकी डोबायले बाई कुठून आनू?" मग रेडिओतले दोन्ही सेल काढून त्यांनी खिशात घातले आणि सुलभाला सेल संपले म्हणून सांगितलं. तार मी पिठाच्या डब्यामागे ठेवली. चूक माझीही आहे.

सुलभा रोज विचारायची, "ताई, पोस्टमन आला होता का?"

"नाई," मी म्हणायची.

त्या दुपारी तीनच्या सुमारास खुंटीवरचा रेडिओ बोलू लागला. खरखर नाही, नेहमीचा बातम्यांचा आवाज — "गिरडच्या किनाऱ्यावर समुद्र खवळलेला राहील. मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये. गेलेल्यांच्या घरी निरोप पोचवावा."

शेणाच्या हातानंच मी मागचं झाकण उघडलं. आत सेल नव्हते. आवाज चालूच.

हे बाजेवरून उठले. "सेल कोनं टाकले?"

"तुमच्या खिशात पाहा."

त्यांनी दोन्ही सेल बाहेर काढले, आणि तेवढ्यात वारा सुटला. आकाशात ढग नव्हता. फाटकाखालून पाणी आत आलं, गुडघाभर चढलं, सरकीवरून गेलं, जमिनीत पुरलेल्या रांजणात शिरलं, क्षणभर थांबलं — आणि आलं तसंच ओढत परत गेलं. बाहेर गल्लीत धूळ उडत होती. मी रांजणात बोट बुडवून चाखलं. खारट, पार कडू लागेपर्यंत.

सुलभा दारात उभी होती. घाबरलेली नव्हती.

"ही भरती होती, ताई," ती म्हणाली. "भरती दिवसातून दोनदा येते. माझं काही दडवून ठेवलंय का तुम्ही?"

मी तार आणून दिली. तिनं ती वाचली, घडी करून कमरेला खोचली. मोठ्या दिराशी ती कधी थेट बोलत नसे, डोक्यावरचा पदर ढळू देत नसे. त्या दिवशी ढळलेला पदर तसाच राहू देऊन यांच्याकडे बघून म्हणाली, "आता पेरा."

त्या सरकीतलं एकही बी उगवलं नाही. शेजाऱ्यांचं सगळं उगवलं. आमच्या विहिरीचं पाणी गोडच होतं. कुणी म्हणालं, कुठं बांध फुटला असेल. पण आमच्या वरच्या अंगाला बांधही नाही, तलावही नाही. ते पाणी कुठून आलं, रेडिओ कशावर बोलला... मला आजही सांगता येत नाही. भावाचा देह किनाऱ्याला लागला तेव्हा सुलभा तिथं पोचलेली होती, एवढं तिच्या पत्रावरून कळलं. ती परत आली नाही, आणि तिला बोलवायची यांची छाती झाली नाही.

पाणी आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिला हिंगणघाटच्या पहिल्या बसमध्ये बसवून आले. मग चूल पेटवली, त्याच रांजणातल्या पाण्याचा कोरा चहा केला आणि यांच्यापुढे ठेवला. पहिल्याच घोटाला यांचं तोंड वाकडं झालं.

"काऊन वं, काय हाये हे?"

"प्या," मी म्हणाले, आणि कप रिकामा होईपर्यंत समोर उभी राहिले.