बारमाही की हंगामी

ट्रेलर विकणाऱ्याने फॉर्म पुढे ओढला आणि विचारलं, "राहणार कसे? बारमाही की हंगामी?"

"हंगामी," मार्लिस म्हणाली.

"बारमाही," ऑरिन म्हणाला.

दोघं एकाच वेळी बोलली. विकणारा हसला. पन्नाशीचा, पोट सुटलेला माणूस होता, फार्गो शहरातल्या त्या ट्रेलरच्या आवारात त्याची वीस वर्षं गेली होती. "घरी जाऊन भांडा," तो म्हणाला, "पण मला खरं काय ते सांगा. बारमाही राहणाऱ्यांना कंपनीची हमी मिळत नाही, म्हणून विचारतोय." मग रकाना कोराच ठेवून तो त्यांना पुढचा ट्रेलर दाखवायला घेऊन गेला.

मार्लिस टॉलफसन तेव्हा एकसष्ट वर्षांची होती. फार्गोपासून दीड तासावरच्या एका लहान गावात शाळेच्या स्वयंपाकघरात तिने अठ्ठावीस वर्षं काढली होती. गावात तिशीच्या आतला असा माणूस सापडणं कठीण, ज्याने तिच्या हातचं खाल्लं नव्हतं. तिचा नवरा ऑरिन काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, रस्ते खात्यात होता. उन्हाळ्यात खडीचे रस्ते सारखे करायचे आणि हिवाळ्यात मोठ्या ट्रकने बर्फ ढकलायचा, हे त्याचं काम. लोक थट्टेने म्हणायचे, "ऑरिन, तू एक दिवस झोपून राहा ना, आम्हांला सुटी मिळेल." एकतीस वर्षांत तो एकदाही झोपून राहिला नव्हता.

त्यांना एकच मुलगी, सॉल्वे. सव्वीस वर्षांची. गावातल्या दवाखान्यात परिचारिका होती आणि उत्तरेच्या रस्त्यावर, आठ मैलांवर भाड्याच्या घरात राहायची. ऑरिन रोज उत्तरेचा रस्ता आधी साफ करी. का, ते गावाला ठाऊक होतं आणि त्याबद्दल कोणाची तक्रार नव्हती.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी पश्चिमेच्या रस्त्यावरून निरोप आला. तिकडे एक म्हातारी बाई एकटी राहायची. तिच्या घरातला गॅस संपत आला होता आणि गॅसचा टँकर बर्फात अडकला होता. ऑरिन त्या दिवशी आधी पश्चिमेला गेला. पावणेआठच्या सुमारास उत्तरेच्या रस्त्यावर वाऱ्याने रचलेल्या ढिगावरून सॉल्वेची गाडी घसरली आणि समोरून येणाऱ्या, साखरेचं बीट भरलेल्या ट्रकखाली गेली.

ऑरिनला कोणी बोल लावला नाही. काउंटीने नाही, चर्चमधल्या लोकांनी नाही. ती म्हातारी बाई तर त्याचा हात धरून रडली. फक्त मार्लिसने, चर्चमधल्या अंत्यविधीनंतर चौथ्या दिवशी, भांडी पुसता पुसता विचारलं, "आधी पश्चिमेला का गेलास?"

त्याने टँकरचं सांगितलं. तिला ते माहीत होतंच. तिने मान हलवली आणि पुसलेली थाळी फळीवर ठेवली. पुन्हा तिने तो प्रश्न कधी काढला नाही. पण एकदा विचारून झाला होता.

ऑरिनने तो हिवाळा पुरा केला. दुसरा ट्रक चालवणारा माणूस आजारी होता, आणि अर्ध्यात काम टाकणं त्याच्या स्वभावात नव्हतं. एप्रिलमध्ये त्याने किल्ल्या साहेबाच्या टेबलावर ठेवल्या. पुढच्या हिवाळ्यात बर्फ पडायला लागला की तो पडदे ओढून घेई आणि रेडिओ मोठा करी. मार्लिस पडदे उघडी, तो पुन्हा ओढी. मार्चमध्ये त्याने, दक्षिणेच्या वाळवंटात जाऊन राहू म्हणत, ट्रेलरची माहितीपत्रकं घरी आणली, तेव्हा तिला बरंच वाटलं. निदान माणूस कशात तरी डोकं घालतोय.

त्याला पिकअपला मागून आकडा लावून ओढायचा साधा ट्रेलर नको होता. पिकअपच्या हौद्यात जोडणी बसवतात आणि तिच्यावर मान टेकवून जो उंच, लांबलचक ट्रेलर चालतो, तो फिफ्थ-व्हीलच हवा होता. वाऱ्यात तो मागे शेपटीसारखा हलत नाही, असं त्याचं म्हणणं. मानेवरच्या उंच भागात निजायची खोली असते आणि तिथे जायला तीन पायऱ्या. मार्लिस म्हणाली, "म्हातारपणी लोक पायऱ्या काढून टाकतात, आणि तू घेऊन येतोयस." त्यावर तो हसला. वर्षभरात पहिल्यांदा.

त्या वसंतात त्यांनी तीन आवारं पालथी घातली. ऑरिन पुठ्ठा पसरून प्रत्येक ट्रेलरखाली उताणा शिरायचा. आस, पट्ट्या, सांडपाण्याच्या टाक्यांची तोंडं, सगळं विजेरीने बघायचा. आतला माल धरून किती वजन होईल आणि त्याची पिकअप ते पेलेल का, हे विचारून विकणाऱ्यांना घाम फोडायचा. मार्लिस स्वयंपाकघरात बसायची. मुक्कामाला ट्रेलरची एक भिंत बाहेर सरकवता यायची आणि तो छान ऐसपैस व्हायचा, पण ती सांगायची, आधी भिंत आत घ्या. वाटेत कुठे थांबून सँडविच करायचं झालं तर फ्रिजचं दार उघडतं का, ते तिला बघायचं असे. बहुतेकांत उघडत नसे. तिने घरून आपली केकची लांबट थाळी बरोबर आणली होती. ती एकाही ओव्हनमध्ये मावली नाही.

आणि मग फार्गोच्या त्या आवारात, रकाना कोरा ठेवून पाहिलेल्या त्या ट्रेलरमध्ये, ती थाळी मावली. मागे भिंतभर खिडकी होती. मार्लिस खिडकीपाशी आरामखुर्चीत बसली आणि तिला वाटलं, इथे हिवाळ्याचे महिने निघतील. चांगले निघतील.

बाहेर ऑरिन छपराकडे बोट दाखवून विचारत होता, दुसरा एसी बसवता येईल का? विकणारा म्हणाला, कशाला? थंडीत दक्षिणेला जाणाऱ्यांना एक पुरतो. तिकडे उकडायला लागण्याच्या आत सगळे घरी परततात. ऑरिन शांतपणे म्हणाला, "दोन लागतील. मोठे."

मार्लिसला ते खिडकीतून ऐकू आलं. मघाशी ऑफिसात "बारमाही" म्हणाला, तेव्हा तिला वाटलं होतं, बोलायची पद्धत. आता कळलं. जुलैमध्ये वाळवंटात राहायचं ठरवलेला माणूसच दोन एसी मागतो.

परतीच्या वाटेवर शहर मागे पडलं. मग तिने विचारलं, "घराचं काय?"

"विकून टाकू."

"तिची खोली आहे त्यात."

"म्हणूनच," ऑरिन म्हणाला.

घर विकलं नाही. ट्रेलर घेतला, तोच, दोन एसींसकट. फॉर्मवर हंगामी लिहिलं गेलं, कारण मार्लिसपुरतं ते खरं होतं. ऑक्टोबरच्या सुरुवातीला, पहिला बर्फ पडायच्या आत, ते निघाले. शेजारची लव्हॉन निरोप द्यायला आली आणि म्हणाली, "तिकडच्या उन्हात रापून ये, म्हणजे इथे थंडीत बसून मला जळायला बरं."

ॲरिझोनात यूमाजवळच्या एका ट्रेलर पार्कात त्यांनी जागा घेतली. खाली वाळू, दूर खडकाळ डोंगर, शेजारी ऑरेगनचे, आयोवाचे, कॅनडाचे म्हातारे. महिन्याभरात ऑरिन बदलला. कोणाचा ट्रेलर एका बाजूला कलला, कोणाची पाण्याची नळी गळली की हाक ऑरिनला. दुपारी पत्ते. हरला की तो खोटं खोटं चिडायचा आणि लोक त्याला आणखी चिडवायचे. मार्लिस मागच्या खिडकीतून बघायची. तो असा हसतो हे ती विसरून गेली होती.

डिसेंबरमधल्या एका दुपारी तो ऑरेगनच्या एमेटच्या ट्रेलरखाली काहीतरी आवळत होता. मार्लिस दोघांसाठी कॉफी घेऊन निघाली. ट्रेलरच्या पलीकडच्या बाजूने आली, म्हणून ती त्यांना दिसली नाही. एमेट आपल्या नातवंडांचं सांगत होता. सांगून झाल्यावर त्याने विचारलं, "आणि तुम्हांला? मुलंबाळं?"

खालून पान्याचा आवाज थांबला. "नाही," ऑरिन म्हणाला. "आम्ही दोघंच."

मार्लिस तशीच मागे फिरली. कॉफी तिने वाळूत ओतली.

तो हात धुऊन आत आला तेव्हा ती खुर्चीत बसून होती. काय ऐकलं ते तिने सांगितलं. त्याने टॉवेलने एकेक बोट पुसलं. मग म्हणाला, "तिकडे मला सगळे विचारत असतात, मार्लिस. तोंडाने नाही. मी दुकानात शिरलो की आवाज खाली आणतात. इथे कोणी आणत नाही."

"ते तिच्यासाठी आणतात," ती म्हणाली. "तिकडे तिचं नाव घेतात अजून. लव्हॉन घेते, दवाखान्यातल्या मुली घेतात. मला ते ऐकायला हवं असतं. इथे ती कोणाला माहीतच नाही. इथे ती जन्मालाच आली नाही."

"म्हणून तर मला इथे झोप लागते."

तो हे कठोरपणे बोलला नव्हता. तिला खरं तेच सांगत होता. तिने त्याच्याकडे पाहिलं आणि इतक्या दिवसांचं मनातलं बोलून टाकलं. "मी तुला तेव्हा ते विचारायला नको होतं."

"तू एकदाच विचारलंस," ऑरिन म्हणाला. "मी बर्फ पडला की दरवेळी स्वतःला विचारतो. इथे पडत नाही."

त्या दिवसानंतर घर विकण्याचा विषय त्याने काढला नाही, आणि परत चल असं तीही म्हणाली नाही. एप्रिलमध्ये त्याने तिला फीनिक्सच्या विमानतळावर सोडलं आणि तो एकटा पार्कात परतला. आपण कायमचे वेगळे होतोय असं दोघांपैकी कोणाला वाटलं नाही, आणि तसे ते झालेही नाहीत. दर जानेवारीत ती विमानाने जाई, मार्च संपता संपता परत येई. दर रविवारी चर्च आटोपलं की त्याचा फोन यायचा. घर गरम ठेवणारा बॉयलर ठीक आहे का, अंगणातल्या एल्मच्या झाडाची फांदी पडली का, हे तो विचारी. हवा कशी आहे, हे विचारत नसे. गावातले लोक सुरुवातीला मार्लिसला खोदून विचारत. मग त्यांना सवय झाली. ऑरिन बारमाही, मार्लिस हंगामी, असं लव्हॉन म्हणायची, आणि मार्लिसला त्याचा राग येत नसे. एमेटला मात्र तिने कधी काही सांगितलं नाही. ऑरिनला तिथे झोप लागत होती, तेवढ्यासाठी ती गप्प राहिली. तीन महिने मुलीचं नाव न घेता राहायचं, हे तिला दरवर्षी जड जाई. परतल्यावर पहिले दोन दिवस ती सॉल्वेच्या खोलीत बसून राही.

अशी सात वर्षं गेली. आठव्या वर्षी, तिकीट काढून झाल्यावर, मार्लिस तळघराच्या जिन्यावर पडली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. फार्गोच्या इस्पितळात शस्त्रक्रिया झाली. लव्हॉनने ऑरिनला कळवलं. त्याने त्याच दुपारी ट्रेलर पिकअपला जोडला.

तिसऱ्या दिवशी त्याचा फोन आला. तो साउथ डकोटात शिरला होता आणि बर्फ सुरू झाला होता. पेट्रोल पंपाच्या आवारात गाडी लावून तो बसला होता. "मार्लिस," तो म्हणाला, "हातात स्टिअरिंग धरवत नाही."

"मग धरू नकोस. तिथेच थांब. माझं हाड कुठे पळून चाललं नाही."

तो तिथे चार दिवस थांबला. रस्ता काळा, कोरडा झाला तेव्हा निघाला, आणि इस्पितळाच्या मागच्या वाहनतळावर एका कोपऱ्यात ट्रेलर लावायची त्याने परवानगी काढली. अकरा दिवस तो तिथे राहिला. सकाळी यायचा, संध्याकाळपर्यंत बसायचा. व्यायाम करवणारी बाई मार्लिसला चालवायची तेव्हा तो वॉकरच्या मागे एक पाऊल ठेवून चालायचा.  कधी तो वर्तमानपत्र मोठ्याने वाचायचा.

घरी सोडायचा दिवस आला. घरी लव्हॉन नेणार होती. ऑरिन येणार नव्हता. त्याने तसं सांगितलं नाही आणि तिने विचारलंही नाही. फार्गोकडून गावात शिरायला उत्तरेचाच रस्ता होता.

लव्हॉन यायला तासभर होता म्हणून त्याने तिला ट्रेलरमध्ये नेलं. दारापाशी लाकडाची एक बुटकी, रुंद पायरी करून ठेवली होती. तिच्यावर वॉकर नीट मावला. त्याने तिला मागच्या खिडकीपाशी बसवलं, डब्यातलं टोमॅटोचं सूप गरम केलं, पाव भाजला. एक बाजू करपली होती, ती त्याने आपल्याकडे घेतली. बाहेर बर्फाची बारीक भुरभुर सुरू झाली. मार्लिसने पडदा ओढायला हात उचलला, तो म्हणाला, "राहू दे."

सूप संपत आलं तेव्हा त्याने विचारलं, "उत्तरेचा रस्ता आता कोण साफ करतो?"

"टेरी. ग्रूव्हरांचा मुलगा."

"आधी करतो?"

"हो," मार्लिस म्हणाली. "सातच्या आत झालेला असतो."

ऑरिनने मान हलवली. मग त्याने वाडगे उचलले, धुतले आणि प्रवासात हलू नयेत म्हणून मध्ये कापड घालून कपाटात लावले. त्याची पाठ तिच्याकडे होती. 

लव्हॉनने भोंगा वाजवला. ऑरिनने मार्लिसला उतरवलं, गाडीत बसवलं, पट्टा लावून दिला, वॉकर मागे ठेवला. रविवारी फोन करतो म्हणाला. गाडी वळली तेव्हा तो ट्रेलरच्या दारात उभा होता, टोपीवर बर्फाचे कण घेऊन. भुरभुर थांबेपर्यंत तो यूमाकडे निघणार नव्हता.