न फोडलेलं पाकीट

नाटकातल्या वाईट बायका मला पहिल्यापासून आवडतात. हे मी चारचौघांत बोलते आणि लगेच दुधात मिठाचा खडा पडल्यासारखे चेहरे होतात. होऊ देत. सोशिक, गोड बायकांची बाजू घ्यायला अख्खं सभागृह बसलेलं असतं, तिथं माझी काय गरज?

बँकेनं माझी बदली चेन्नईला केली ती दोन हजारनंतरच्या पहिल्या एक-दोन वर्षांत. तिथल्या मराठी मंडळात गणपती, हळदीकुंकू, कोजागिरी सगळं होतं, पण बोलायला माणूस नव्हता. म्हणजे माणसं पुष्कळ होती, बोलणं फक्त बदल्यांचं आणि दहावीच्या टक्क्यांचं. मग मी महिन्यातून एका रविवारी दुपारी एक गट सुरू केला. कधी जुना कृष्णधवल सिनेमा व्हीसीडीवर लावायचा, कधी जुनं नाटक भूमिका वाटून घेऊन बसल्या जागी वाचायचं. शेवटी कॉफी. आणि कॉफीबरोबर माझा ठरलेला प्रश्न : ह्या माणसाचं चुकलं कुठे?

उत्तरंही ठरलेलीच यायची. नायकानं जुगारात घर घालवलं की लोक हळहळत, "परिस्थितीनं मारलं हो त्याला." नायिकेच्या जावेनं एक खोटं बोललं की निकाल तयार, "हिचा स्वभावच तसला." पुरुष चुकला की शोकांतिका आणि बाई चुकली की स्वभाव! एकदा मी हे बोलून दाखवलं. मंडळाचे अध्यक्ष चेन्नईजवळच्या आवडी गावातल्या संरक्षण कारखान्यातून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले. ते हसून म्हणाले, "मॅडम, नाटक आहे ते, कोर्ट नव्हे."

"मग शिक्षा दरवेळी तिलाच कशी होते?" मी विचारलं. त्यांनी कॉफी संपवली.

आमच्या गटात एक अम्मा यायच्या. सत्तरीच्या, काटक, कानात हिऱ्याच्या कुड्या. त्यांचं घराणं तंजावरचं, तीनशे वर्षांपूर्वी तिकडे गेलेलं. घरात मराठीच, पण ती अशी की आमच्या सातारा-नागपूरकडून आलेल्या मंडळींना हसू यायचं. शब्द पोथीतले, हेल तमिळ. नाटक वाचताना त्यांना आम्ही मोलकरणीचं काम द्यायचो. मोलकरीण विनोदी बोलतेच, मग अम्मांचं बोलणं खपून जाईल, असा हिशेब. आम्ही म्हणजे मीही. भूमिका मीच वाटायचे, हे आधीच सांगून टाकते.

शिवाय अम्मांना वाचता नीट येत नाही अशी माझी समजूत झाली होती. हातात झेरॉक्स असायची, पण डोळे त्यावर नसायचे. वाक्य पाठ म्हटल्यासारखं यायचं, आणि मध्येच कुणी "पान बारा काढा" म्हटलं की त्या कागद चाळत राहायच्या. वय झालं, मी मनाशी म्हणायचे. कधी वैतागायचेसुद्धा.

मंडळाच्या कपाटात एक जुनं तीन अंकी नाटक सापडलं. मुखपृष्ठ फाटलेलं, लेखक कोण ते कळायला मार्ग नाही. पण मंडळाला ते पाठ होतं, कारण फार पूर्वी गणेशोत्सवात त्यांनी ते बसवलं होतं आणि त्यातली आई खुद्द अध्यक्षांनी नऊवारी नेसून केली होती. किंचाळणारी, डोळे फिरवणारी. लोक अजून त्या आठवणीनं हसायचे. गोष्ट साधी. मुलगा नोकरीसाठी दूर गेलेला. तो बायकोला पत्र पाठवतो, अमुक दिवशी निघून ये म्हणून. ते पत्र आईच्या हाती लागतं, ती ते डाळीच्या डब्यात लपवते. बायकोला वाटतं नवऱ्यानं टाकलं, नवऱ्याला वाटतं बायकोनं पाठ फिरवली. तिसऱ्या अंकात पत्र सापडतं, तोवर व्हायचं ते वाटोळं होऊन गेलेलं.

पहिल्या वाचनानंतर मी नेहमीचा प्रश्न विचारला. सगळ्यांचं एकमत झालं. आईनं पत्र वाचलं, सून मुलाकडे जाणार हे तिला कळलं, जळफळाट झाला, लपवलं. दुष्ट सासू. मी तिची बाजू घ्यायला उठले खरी, पण माझ्याकडेही एवढंच होतं की तिला एकटं पडायची भीती वाटली. अध्यक्ष म्हणाले, "भीती वाटली म्हणून दुसऱ्याचं पत्र वाचायचं?" त्या दिवशी मी घरी जाऊन भांडी आपटली.

त्याच आठवड्यात मी अम्मांच्या घरी गेले. पश्चिम मांबलममधलं जुनं घर. मोलकरणीची चारच वाक्यं होती, ती तरी कागद बघून म्हणा, हे गोडीत सांगायचं होतं. अम्मांनी डबऱ्यात, म्हणजे तिकडच्या पसरट वाटीत, कॉफी दिली, माझं बोलणं शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि आतून एक जाड वही आणून माझ्यापुढे ठेवली. वही पहिल्या पानापासून तमिळ अक्षरांनी भरलेली होती.

"काय आहे हे?"

"नाटक."

"कुठलं?"

"आपलंच. अस्कं आहे. तिन्ही अंक." अस्कं म्हणजे सगळं.

अम्मांची मातृभाषा मराठी होती आणि त्यांना देवनागरी येत नव्हती. त्या तमिळ शाळेत शिकल्या होत्या. त्यांच्या घरात पत्रं, याद्या, व्रतांच्या कहाण्या सगळं मराठी तमिळ लिपीतच लिहीत आले होते. मंडळात नाटक पहिल्यांदा, भूमिका वाटायच्या आधी, वाचलं जाई तेव्हा त्या पिशवीत टेपरेकॉर्डर चालू ठेवून बसत. मग घरी कॅसेट थांबवत, मागं नेत, एकेक वाक्य आपल्या लिपीत उतरवत. सगळ्यांचीच वाक्यं. तीन वर्षं मी त्यांच्या हातात न वाचता येणारे कागद देत होते आणि त्या ते घडी घालून घरी नेत होत्या.

"अम्मा, सांगितलं का नाही मला?"

"तू पुसलीस कधी?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी माफी मागायला लागले तर त्यांनी हात हलवून ती उडवून लावली. त्यांना वेगळंच काही बोलायचं होतं.

"त्या आईनं पत्र वाचलं म्हणता तुम्ही. कोठे लिहिलंय?"

"म्हणजे?"

"तीस वाचतां येतच नाही, पोरी."

त्यांनी वहीतून वाचून दाखवलं. पहिल्या अंकात मुलाची दोन पत्रं येतात. सून मोठ्यानं वाचते, मध्येच थांबते, गालात हसते. सासू विचारते, पुढं काय लिहिलंय? सून म्हणते, काही नाही, खुशाली. हा प्रसंग आम्ही विनोदी म्हणून वाचला होता, भराभर. तिसरं पत्र येतं तेव्हा आई पाकीट उलटसुलट करून बघते आणि डब्यात टाकते. आणि तिसऱ्या अंकात पत्र सापडतं तेव्हा ते फोडतं कोण? सून. रंगमंचावर, सगळ्यांसमोर, ती पाकीट फाडते. म्हणजे तोवर ते बंदच होतं.

मी घरी येऊन छापील प्रत काढली. खरंच तसं होतं. इतक्या वेळा वाचलं, बसवलं, त्यावर वाद घातले, आणि आम्हां शिकलेल्यांपैकी एकालाही दिसलं नाही. आम्हांला पत्र म्हटलं की ते वाचलंच जाणार असं वाटत होतं. मी पुढच्या रविवारी लवकर जाऊन अम्मांना म्हटलं, "मग तिचा दोष नाहीच की!"

अम्मा माझ्यावर उखडल्या. "असं कसं? लपवलं ना? संसार मोडला ना? चूक ती चूकच. पण केलेली चूक सांगा. न केलेली नको."

इतकी वर्षं मी जे धडपडत सांगत होते ते ह्या बाईनं दोन वाक्यांत सांगितलं. त्याच दिवशी मी जाहीर केलं की सगळ्या मंडळापुढे जे मोठं वाचन व्हायचंय त्यात आई अम्मा वाचतील.

अध्यक्षांनी मला बाजूला घेतलं. "मॅडम, भावना समजू शकतो. पण लोक हसतील. आई म्हणजे नाटकाचा कणा. त्यांचं ते तसलं मराठी... अहो, भाषा टिकावी म्हणून तर मंडळ काढलं आपण."

"साहेब, त्यांनी तीनशे वर्षं टिकवली," मी म्हटलं. "तुमच्या नातवाला परवा मी नाव विचारलं, त्यानं इंग्रजीत सांगितलं."

ते लालबुंद झाले. मला वाईट वाटलं का? नाही वाटलं. आजही नाही. शेवटी त्यांनी होकार दिला, पण एका अटीवर : ते स्वतःची प्रत घेऊन पहिल्या रांगेत बसतील, आणि अम्मा अडखळल्या किंवा हॉलमध्ये हशा पिकला की आईची वाक्यं पुढं ते वाचतील. मी अम्मांना ही अट सांगितली. त्या म्हणाल्या, "सेरि." म्हणजे ठीक आहे. पण धोका कुणाला होता ते मला कळत होतं. अम्मा तिथून उठल्या असत्या तर पुन्हा मंडळाची पायरी चढल्या नसत्या, आणि त्यांना तिथं बसवणारी मी होते.

हॉल भरला होता. बँकेतले, रेल्वेतले, शोळिंगनल्लूरच्या आयटी कंपन्यांतली तरुण जोडपी. पहिला अंक सुरू झाला. अम्मांनी वही उघडली आणि आईचं पहिलं वाक्य वाचलं. मागून कुणीतरी फिसकन हसलं. मग ते हसू रांगारांगांतून पुढं आलं. अध्यक्षांनी खिशातून चष्मा काढला.

अम्मा थांबल्या. वहीतून मान वर करून त्यांनी हॉलकडे पाहिलं, शाळेतली बाई गलका संपायची वाट बघते तसं. हसू संपलं. मग त्यांनी तेच वाक्य पुन्हा वाचलं, तेवढ्याच आवाजात, त्याच हेलात. एक अक्षर बदललं नाही.

सून दुसरं पत्र वाचू लागली. अम्मांनी विचारलं, "पुढें काय लिहिलेंय?" किंचाळून नाही. सहज विचारावं तसं, थोडंसं हसत. काही नाही, खुशाली, असं उत्तर आलं. अम्मा "बरं" म्हणाल्या. त्या "बरं"ला मला रडू आलं, मी लपवलं नाही.

तेवढ्यात हातातली प्रत न उघडताच अध्यक्ष उभे राहिले. "माफ करा, पण हे 'बरं' मूळ नाटकात नाही," ते म्हणाले. "संहिता बदलायची असेल तर आधी समितीला विचारायला हवं होतं. तुमची वही दाखवा जरा."

मी माझी प्रत उघडली. "बरं" होतं. तिथंच, छापलेलं. नऊवारी नेसून किंचाळताना त्यांनी ते कधी म्हटलंच नसावं. मी बोलायला तोंड उघडलं, पण अम्मांनी मला हातानं गप्प केलं. त्या उठल्या, पुढं गेल्या आणि उघडी वही अध्यक्षांच्या हातात दिली.

त्यांनी चष्मा सारखा केला. वही जवळ धरली, लांब धरली. एक पान उलटलं, मग आणखी एक. ह्या गावात त्यांची सगळी नोकरी झाली होती, स्वतःचं घर इथं होतं, मुलाचं लग्न इथं लागलं होतं. सगळा हॉल त्यांच्याकडे बघत होता. अम्मांना घाई नव्हती.

"मला हे वाचता येत नाही," ते शेवटी म्हणाले.

"बरं," अम्मा म्हणाल्या आणि वहीसाठी हात पुढं केला. "मग बसा. मी वाचतें."