छ्याआप्पांची गाडी

ज्या माणसाला जगातल्या झाडून सगळ्या गोष्टींची किळस यायची, त्याच माणसाची गाडी आमच्या राणीसावरगावात सगळ्यांत घाण होती. हा माणूस म्हणजे माझे थोरले चुलते. त्यांचं खरं नाव चांगलं भारदस्त होतं, पण त्यांचं बोलणं 'छ्या'नं सुरू व्हायचं, म्हणून गावानं ते नाव कधीच गुंडाळून ठेवलं होतं. तोंडावर आप्पा आणि माघारी छ्याआप्पा. चहाच्या कपाला कुणाच्या ओठांचा ठसा दिसला की छ्या. पंगतीत वाढणाऱ्याचा अंगठा वरणात बुडाला की छ्या, आणि आप्पा ताट तसंच ठेवून उठायचे. चौकात वाढदिवसाचं बॅनर लागलं आणि त्यावर गॉगल घातलेले चेहरे हात जोडून दात काढताना दिसले, की ते मान फिरवून पलीकडच्या बाजूनं जायचे. ही किळस आमच्या घराण्यातच आहे. माझ्याकडेही ती आली आहे आणि मला तिची लाज वाटत नाही. आजूबाजूला पाहिलं की ती कमीच पडते असं वाटतं.

आप्पांचं कापडाचं दुकान होतं. कपाळावर विभूतीचे पट्टे, अंगात परीटघडीचा पांढरा सदरा, आणि दुकानाच्या पायरीवर पाण्याची बादली नि साबणाची वडी. गिऱ्हाईक आलं की काय दाखवू विचारायच्या आधी आप्पा म्हणायचे, "हात दाखवा." शेतातून थेट आलेली माणसं हसत हसत हात धुवायची, मग कापडाचा तागा त्यांच्या पुढ्यात यायचा. नव्या माणसाला राग यायचा. जुन्यांना माहीत होतं की आप्पा स्वतःही दर गिऱ्हाइकाआधी हात धुतात. गुटखा खाऊन आलेल्याला मात्र पायरीच चढता यायची नाही, मग तो कितीही मोठ्या घरचा असो.

आणि अशा माणसाची ती डिझेल गाडी. कधी काळी पांढरी असलेली, उंच, डब्यासारखी, सुरू झाली की अख्ख्या गल्लीला कळावं अशी. गावात कुणाला साप चावला, कुणी अडली, कुणी गच्चीवरून पडलं, की माणसं आप्पांच्या दारात. रुग्णवाहिकेला फोन केला की ती यायची, नाही असं नाही; पण ज्याच्या घरी माणूस तळमळतंय त्याला तेवढा धीर नसतो, आणि आप्पांचं दार समोर होतं. आप्पा बाहेर यायचे, आजाऱ्याकडे बघून तोंड वाकडं करायचे, छ्या म्हणायचे, नाकाला रुमाल बांधायचे आणि गाडी काढायचे. नाही म्हटल्याचं कुणी ऐकलेलं नाही.

परत आले की गाडी ते स्वतः धुवायचे. बादली, फिनेल, जुनं धोतर, आणि तोंडानं अखंड शिव्या. रक्त, ओकारी, काय काय असायचं ते इथं लिहीत नाही. मी एकदा म्हटलं, आप्पा, तुम्हाला एवढी शिसारी येते तर मजुरी देऊन कुणाकडून धुऊन का घेत नाही? ते म्हणाले, "ज्याला किळस येती त्यानंच धुवावं. बाकीचे कोपरे सोडत्यात." मी घरातला केरसुद्धा तेव्हापासून दुसऱ्याला काढू देत नाही. इतकं करूनही गाडीतले डाग राहायचेच, आणि उन्हाळ्यात दार उघडलं की एक जुना, आंबूस वास अंगावर यायचा.

निवडणुकीच्या दिवसांत एक पुढारी लिफ्ट मागून गाडीत बसला आणि बोलता बोलता त्यानं आतल्या बाजूनं दारावरच गुटख्याची पिचकारी मारली. खिडकी उघडायचे कष्टही त्याला नको होते. आप्पांनी भर उन्हात, माळावर, जिथं बाभळीचंसुद्धा झाड नाही तिथं गाडी थांबवली आणि त्याला खाली उतरवलं. तो दम देत राहिला नि आप्पा निघून आले. त्या दाराचा रंग त्यांनी डागासकट खरवडून काढला. मला म्हणाले, "आजाऱ्याच्या घानीची किळस धुतली की जाती, सुमे. माजाची जात न्हाई."

पण गाडी म्हातारी झाली. खालचा पत्रा गंजून फुटला आणि धूर आत यायला लागला. शेजारच्या गयाबाईची सून पोटुशी होती, तिला तपासणीला गंगाखेडला नेताना मीही बरोबर होते. पोरगी निघताना चांगली हसत होती. अर्ध्या वाटेत तिला ओकाऱ्या सुरू झाल्या त्या दवाखान्यापर्यंत थांबल्या नाहीत. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, हिला आणलं कशातून? येताना आप्पांनी सगळ्या काचा खाली केल्या, आणि त्या दिवशी गाडी धुताना शिव्या दिल्या नाहीत.

याच सुमारास पुण्याहून त्यांच्या मुलाचा, मल्लूचा फोन आला की ती खटारा गाडी देऊन टाका आणि हायब्रिड घ्या. त्यानं समजावून सांगितलं: पेट्रोलचं इंजिन आणि बॅटरी दोन्ही, बॅटरी चालता चालता आपोआप भरते, हळू चालली की आवाज नाही, धूर दिसणार नाही, वास येणार नाही. दुकानाच्या पायरीवर यावर महिनाभर चर्चा झाली. एकानं विचारलं, वायर कुठं खुपसायची? वायर नाहीच म्हटल्यावर त्याचा विश्वासच उडाला. काकू म्हणाल्या, एक इंजिन सांभाळताना नाकी नऊ आले, आता दोन-दोन कोण सांभाळणार? मी हायब्रिडच्या बाजूनं होते. मला त्या जुन्या गाडीत बसायची खरोखर शिसारी यायची आणि मी ते बोलूनही दाखवायची.

आप्पा मात्र अडले होते, कारण मल्लूनं एक अट घातली होती. नवी गाडी घरच्यांसाठी. गावाला द्यायची नाही. आप्पांनी फोनवरच छ्या म्हटलं. अट ते पाळणार नव्हते, ते मल्लूलाही माहीत असावं. त्यांना भीती वेगळीच होती. दुधासारख्या सीटवर रक्तानं माखलेला माणूस आला तर आपण दार उघडू का, याची त्यांना स्वतःबद्दल खात्री नव्हती. "जुनी हाय तशी घान हाय, म्हनून मी तिच्यात कोनालाबी घेतो," ते मला म्हणाले. "नवीत माझा हात आखडला तर? अन् जुनी ठेवावी तर आजाऱ्याला मीच इख पाजायलोय." पावसाळा सरला तरी ते एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला.

शेवटी आम्ही परभणीला गेलो. शोरूममधल्या माणसानं किल्ली पुढं केली तर आप्पांनी ती मला दिली आणि स्वतः मागचं दार उघडून सीटवर आडवे झाले, गुडघे पोटाशी घेऊन, डोकं दाराकडे. शोरूमवाला घाबरला. त्याला वाटलं म्हाताऱ्याला काही झालं. काका, झोपून गाडी कशी कळणार, असं त्यानं विचारलं.

"झोपूनच कळती," आप्पा म्हणाले. "माझी गाडी बसून जानाराची न्हाई."

मी गाडी मुद्दाम खड्ड्यांच्या रस्त्यानं नेली. आप्पा मागं डोळे मिटून पडून होते. त्यांना स्वतःला गाडी लगेच लागायची. दुसऱ्याच्या गाडीत बसले की लिंबू हुंगत बसायचे. बऱ्याच वेळानं मागून आवाज आला, "सुमे, चालू हाय का बंद?" मी म्हटलं, चालू आहे, आपण गावाबाहेर आलो. ते उठून बसले, सीट हुंगली, हवा हुंगली आणि म्हणाले, "वासच न्हाई. ह्यात ती पोरगी ओकली नसती."

शोरूमला परत आल्यावर जुनी गाडी एक्स्चेंजमध्ये द्यायची म्हणून ती तपासायला तिथलाच एक तरुण आला. केस चापूनचोपून बसवलेले, गळ्यात ओळखपत्र, अंगाला अत्तराचा भपका. त्यानं दार उघडलं, दोन बोटांनी नाक धरलं आणि म्हणाला, "शी. सर, यात जनावरं नेत होता का?"

आयुष्यभर लोकांना छ्या म्हणत आलेल्या माणसाला त्या दिवशी कुणीतरी उलटून तेच म्हटलं. मला त्या पोराच्या कानाखाली द्यावीशी वाटली. आप्पा शांतपणे पुढं झाले, चारही दारं उघडली आणि बोट दाखवत सांगायला लागले. "हे काळं हाय नं, पांडूचा हात मळनीयंत्रात गेला तवाचं रगत. पांडू हाय अजून. हे पिवळं नवरीच्या हळदीचं. अन् ह्या कोपऱ्यात एक पोरगी झाली, गंगाखेड यायच्या आधीच. आता कॉलेजात जायलीय ती." तो पोरगा मोबाइलमध्ये फोटो काढत राहिला. आप्पांनी दारं लावली, आत बसले आणि मला म्हणाले, चल घरी, द्यायची न्हाई.

त्यांनी गाडी सुरू केली. काचा बंद होत्या. बघता बघता आत निळसर धूर भरला आणि मला खोकला आला, डोळ्यांतून पाणी यायला लागलं. आप्पा स्टेअरिंगवर हात ठेवून माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी किल्ली फिरवून गाडी बंद केली, उतरले आणि त्या अत्तरवाल्याच्या हातात किल्ली ठेवली.

नवी गाडी आली. मोतिया रंगाच्या सीट, आवाज नाही, धूर नाही. गाव बघायला आलं, बाहेरूनच काचेला नाक लावून बघून गेलं. आप्पांची भीती खरी ठरली नाही. दारात कुणी आलं असतं तर त्यांनी दार उघडलं असतं, हे मी शपथेवर सांगते. पण कुणी आलंच नाही. पांडूचा बाप पडला, त्याला मोटारसायकलवर मधे बसवून नेलं. गयाबाईच्या सुनेचे दिवस भरले, तिला ऑटोत घालून नेलं, आणि तो ऑटो आप्पांच्या दारावरूनच गेला. आप्पा हातात किल्ली घेऊन पायरीवर उभे होते. पोरगी कळांनी ओरडत होती आणि ऑटो प्रत्येक खड्ड्यात आपटत होता.

बाळ-बाळंतीण सुखरूप घरी आली. आप्पा न राहवून गयाबाईकडे गेले आणि मला का हाक मारली नाही म्हणून विचारलं. ती सरळ बाई. म्हणाली, "तुमाला लय किळस येती नं, आप्पा. अन् गाडी कशी दुधावानी हाय. आमच्या जिवावर आलं."

गाडी घाण होती तोवर आप्पांच्या 'छ्या'वर कुणी विश्वास ठेवला नव्हता. तोंडानं काही म्हणो, हा माणूस आपला आहे, हे त्या डागांवरून सगळ्यांना दिसत होतं. आता डाग नव्हते, नुसतं 'छ्या' उरलं होतं, आणि लोकांनी ते खरं धरलं. आप्पांनी चिखलाच्या चपला घालून गाडीत बसून पाहिलं, बाजारच्या दिवशी बायकांना बोलावून पाहिलं. बायका चपला हातात घेऊन, पाय अधांतरी धरून बसायच्या आणि पुढच्या वेळी जीपनं जायच्या. मला त्या गाडीचा तिटकारा यायला लागला. एवढी स्वच्छ वस्तू मी एवढी कुरूप कधी पाहिली नव्हती.

थंडीत आप्पांच्या पोटात दुखायला लागलं. अंग पिवळं पडलं आणि डॉक्टरांनी परभणीला न्यायला सांगितलं. दुपारची वेळ. मी गाडी चालवत होते, काकू पुढं, आप्पा मागं आडवे, तसेच, गुडघे पोटाशी घेऊन. गोदावरीच्या पुलाच्या अलीकडे त्यांना ओकारी झाली. रुमाल काढायलाही वेळ मिळाला नाही. हिरवं-पिवळं सगळं त्या मोतिया सीटवर, सदऱ्यावर, खाली. काकू रडायला लागल्या. मी गाडी थांबवली, पाण्याची बाटली आणि फडकं घेऊन मागं गेले. खोटं कशाला सांगू, मला भयंकर किळस आली होती. आप्पांनी माझं मनगट धरलं.

"सीट राहू दे," ते म्हणाले. "मला पूस. तिला राहू दे."

दवाखान्यातून घरी आणलं तोवर डाग सीटमध्ये पक्का बसला होता. गाडी दारात उभी करून आप्पांनी मला चारही दारं उघडी टाकायला लावली आणि स्वतः पायरीवर खुर्ची टाकून बसले. गयाबाई आली, आत डोकावली, पदर नाकाला लावला. हे कुणी केलं म्हणून विचारलं.

"मीच ओकलो," आप्पा म्हणाले.

गयाबाई पदराआडून हसली, आणि संध्याकाळपर्यंत गावभर झालं की छ्याआप्पा स्वतःच्याच गाडीत ओकले. दुसऱ्या दिवशी सकाळी ती नातू उराशी घेऊन दारात उभी. पोराला ताप होता, गंगाखेडला न्यायचं होतं. पोराच्या नाकातून शेंबूड वाहत होता आणि त्याचं दुपटं ओलं होतं. आदल्या दिवशी बसून राहिल्यानं आप्पांना आता उठून बसवत नव्हतं. त्यांनी खाटेवरूनच पोराकडे बघून छ्या म्हटलं आणि किल्ली माझ्याकडे फेकली. उन्हाळा लागेपर्यंत आप्पा गेले, पण तोवर त्या गाडीतही जुन्या गाडीसारखं सगळं होऊन गेलं होतं.

आता गाडी माझ्याकडे आहे. सर्व्हिसिंगला नेली की तिथला मुलगा दार उघडतो आणि नाक मुरडतो. मागच्या खेपेला त्यानं त्या सीटकडे बोट दाखवून विचारलं, "मॅडम, हा डाग कशाचा? केमिकल मारलं तर निघून जाईल." मला त्या डागाची अजून किळस येते. गाडी मी स्वतः धुते, एक कोपरा सोडत नाही, फक्त तिथं फडकं लावत नाही.

"तो आप्पांचा आहे," मी म्हटलं. "त्याला हात लावायचा नाही."