शेठजींचं पहिलं सफरचंद

आमच्या गल्लीतल्या किराणा दुकानाचे शेठजी जळगावच्या उन्हात परसात सफरचंद वाढवत होते. ओळखीचं कुणी दिसलं की हात धरून झाडापाशी नेत. "पानावर एक डाग दाखवा, भाऊ! या जातीला रोगच येत नाही. फवारणी नको, जीवहत्या नको." शेठजी जैन, डाळीतला किडासुद्धा कागदावर घेऊन बाहेर सोडणारे.

पहिलं फळ पिकलं तेव्हा त्यांनी संध्याकाळी गल्लीला बोलावलं. सूर्य मावळल्यावर ते काही खात नाहीत, म्हणून घाईनेच सुरी लावली. आत अळी! शेठजींनी चष्मा सावरला. "हा रोग नाही, पाहुणी आहे. तिला लागलं नाही ना?" मग सुरीच्या टोकाने हळूहळू कोरत त्यांनी अळीसकट तुकडा झाडाखाली नेऊन ठेवला. तेवढ्यात दिवस बुडाला.

उरलेल्या फोडी त्यांनी आम्हाला वाटून टाकल्या. सकाळसाठी एक ठेवा म्हटलं, तर ऐकेनात. प्रत्येकाच्या तोंडाकडे पाहत, गिऱ्हाइकांकडून शिकलेल्या अहिराणीत विचारू लागले, "कसं शे? सांगा ना, कसं शे?"

फळ चिंचेसारखं आंबट होतं.

"गोड शे, शेठजी!" आम्ही सगळे एकदम म्हणालो.