फ्रीजरमधला लडाखचा दगड

माझा नवरा मला तीन वर्षं फसवत होता. काल कळलं.

आणि भांडायला माणूस नाही. आज त्यांना जाऊन वर्ष झालं.

नाही, दुसरी बाई वगैरे नव्हती. एक दगड होता.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आमचे हे धुळ्याला कॉलेजात मायक्रोबायोलॉजी शिकवायचे. आयुष्यात एकदाच एका टीमबरोबर लडाखला गेले आणि येताना नारळाएवढा दगड घेऊन आले.

बायकोला शाल नाही, काही नाही. दगड!

एक कपची काढून दाखवली. वरच्या पापुद्र्याखाली बारीक हिरवी रेघ होती.

"बॅक्टेरिया आहेत हे. जिवंत. बाहेर सगळं गोठलेलं, म्हणून दगडाच्या आत संसार करतात. झिरपेल तेवढ्या उजेडावर जगतात."

कॉलेजचा डीप फ्रीजर बंद पडला आणि हा संसार आमच्या घरी आला. मटारची जागा गेली, आंब्याच्या रसाची गेली.

सासूबाई म्हणायच्या, "दगडले बी ऊन लागस का रे भाऊ?"

लागायचं ना! एप्रिलमध्ये लाईट गेली की हे बर्फ आणायला पळणार. पाचोऱ्याला लग्नात मला भरल्या पंगतीतून उठवलं. का? तर शेजाऱ्यांचा फोन आला, लाईट गेली म्हणून.

आता माझी चूक सांगते.

चार वर्षांपूर्वी उन्हाळ्यात मी फ्रीज डिफ्रॉस्टला लावला. त्याच दिवशी गच्चीवर बिबड्या, म्हणजे आमच्याकडचे ज्वारीचे पापड, धोतरावर वाळत घातल्या होत्या. वारा सुटला, धोतराचे कोपरे उडायला लागले. तीन कोपऱ्यांवर विटा ठेवल्या. चौथी सापडेना.

फ्रीजरमधून काढलेला दगड ओट्यावर होताच, तोच ठेवला.

दिवसभर धुळ्याच्या उन्हात तापला बिचारा.

संध्याकाळी हे गच्चीवर आले. दगडाला हात लावला. "गरम झालाय गं," एवढंच बोलले.

मी विचारलं, "मेले का हो तुमचे?"

"छे! हजारो वर्षं झोपून काढणारी जात ती. एका दिवसाच्या उन्हानं काय होतंय?"

अर्धवट वाळलेली बिबडी तोंडात टाकली आणि दगड परत फ्रीजरमध्ये ठेवला. नंतर तर बर्फासाठी जास्तच पळायला लागले.

मी देवापुढे साखर ठेवली. वाचले म्हणून.

हे गेले त्या दिवशी दुपारी लाईट गेली. घर माणसांनी भरलेलं. मी भाचीला ओरडून म्हटलं, "बर्फ आण, पळ!"

लोकांना वाटलं, ह्यांच्यासाठी. अर्धा बर्फ मी दगडाला ठेवला. ह्यांनी जीव लावलेलं काहीतरी जगायला हवं होतं.

वर्षभर तेच केलं. माहेरी यावलला दोन रात्री राहिले नाही.

काल यांची जुनी विद्यार्थिनी आली. आता स्वतः शिकवते. म्हटलं, "हा दगड तू घेऊन जा बाई. तुझ्याकडे नीट जगतील."

तिनं दगड घेतला नाही.

मग म्हणाली, "मॅडम, ते बिबड्यांचं झालं ना, त्याच आठवड्यात सरांनी मला या दगडाची कपची दिली होती. मी तीन महिने त्यातले बॅक्टेरिया लॅबच्या प्लेट्समध्ये वाढवून बघितले. काहीच वाढलं नाही. सर म्हणाले, घरी बोलू नकोस, ती मनाला लावून घेईल."

म्हणजे तीन उन्हाळे हा माणूस मेलेल्या दगडासाठी बर्फ आणत होता. मला बरं वाटावं म्हणून!

अहो, सांगायचं ना! मी रडले असते, चार दिवस जेवले नसते, पण सांगायचं. साध्या दुधाचं पातेलं करपलं तर आठवडाभर टोमणे मारणारा माणूस, आणि आयुष्यभराचं काम मी उन्हात वाळत घातलं तर एक शब्द नाही?

इतका राग आलाय मला. आणि इतकी आठवण येतेय.

आज दुपारी परत लाईट गेली. मी चप्पल घालून दारापर्यंत गेले, तेव्हा आठवलं की आता गरज नाही.

दोन मिनिटं दारातच उभी राहिले.

मग गेले, आणि बर्फ घेऊन आले.

लोक फुलं वाहतात. माझ्याकडून हा बर्फच घ्या. रागावलेय, पण वाहतेय.

तुमची,
सुनंदा