एकही जुळत नाही!

आमच्या हडपसरच्या सोसायटीत वरच्या मजल्यावर एक गृहस्थ राहतात. ते कारखान्यात तपासनीस होते. सुटा भाग केसभर जाड निघाला तरी बाद करायचे. संगणक आले तेव्हा त्यांनी व्हीआरएस घेतली, पण जाडी मोजायचा व्हर्निअर अजून शर्टाच्या खिशात असतो.

रविवारी सकाळी त्यांनी जिन्यातूनच हाक मारली, "अहो, आधी वर या! चहा नंतर घ्या!"

गच्चीत श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यांत त्यांनी बियांपासून वाढवलेली, वाटाण्याएवढी, गुबगुबीत पानांच्या सक्युलंटची रोपं होती. सगळ्या बिया एकाच झाडाच्या. तरी एकावर ठिपके, दुसऱ्याला जांभळी किनार, तिसरं काचेसारखं आरपार! ते एकेका रोपाला हलकेच व्हर्निअर लावत होते आणि दर आकड्याला त्यांचा आवाज चढत होता.

"सहा पॉइंट दोन! पाच पॉइंट नऊ! एकही जुळत नाही हो!"

मीही ओणवा होऊन बघत बसलो. कडेला एक रोप पार वाकडं उगवलं होतं.

"हे बाद ना?" मी गमतीनं विचारलं.

"ती नोकरी सोडली मी," ते म्हणाले आणि गच्चीतल्या एकुलत्या एक मातीच्या कुंडीत त्यांनी तेच रोप लावलं.