अक्कांचा समुपदेशक होता होता

नाना गेल्याचा फोन खुद्द त्यांच्या पत्नीने, अक्कांनीच केला. "नाना गयात रे." मी जळगावला माझ्या समुपदेशन केंद्रात बसलेलो, तोंडाला लागलेल्या सवयीने मऊ आवाजात विचारलं, "हे सांगताना मनात काय येतंय?" पलीकडून अक्का म्हणाल्या, "तुझ्या कानाखाली एक वाजवावी, असं येतंय. ये धुळ्याला!"

जवळचं माणूस गमावलेले लोक नानांकडे येऊन बोलत, आणि माझ्यासारखे नवशिके समुपदेशक त्यांच्या हाताखाली शिकत. माझी पहिली केस म्हणजे शिरपूरकडचे एक आबा, बायको नुकतीच वारलेली. मी त्यांना नकारापासून स्वीकारापर्यंत दुःखाच्या पाच पायऱ्यांचा रंगीत तक्ताच दाखवला. पुढच्या खेपेला आबा दारातूनच, "साहेब, मी आते कितवी पायरीवर शे?" मी ठोकून दिलं, "तिसऱ्या." आबा खट्टू झाले. "मंग चौथी कव्हय?" नाना पोट धरून हसले आणि हसता हसता तक्ता गुंडाळून कपाटावर फेकला. "माहीत नसेल तर माहीत नाही म्हण. आणि आपल्या माणसाचा समुपदेशक कधी होऊ नकोस. तिथं आपल्यालाच दिसेनासं होतं."

सुतक फेडणाऱ्या गंधमुक्तीनंतर काही आठवड्यांनी गेलो, तर अक्का पार वाळलेल्या. जेवण नाही, कुणाशी बोलणं नाही. "बाहेरच्यापुढे मी तोंड उघडणार नाही. तू शिकलेला ना? तूच कर माझं ते समुपदेशन." खरं सांगतो, गुदगुल्या झाल्या. साक्षात गुरुपत्नी! मान तिरपी करून विचारलं, "झोप कशी आहे?"

"घोरणं ऐकल्याशिवाय लागत नाही."

शिकत असताना नानांचं ते घोरणं मीही ऐकलेलं... मला असा हुंदका फुटला की पाणी आणायला अक्कांनाच उठावं लागलं. "आता मीच तुझं करू का?"

"अक्का, मला नाही जमणार. इथल्याच एक समुपदेशक बाई आहेत, चांगल्या आहेत. मी घेऊन जातो."

"म्हणजे तूही टाळतोस."

"टाळत नाही. दर रविवारी येईन. पण रडायला."

अक्कांनी पाण्याचा पेला उचलला. "मग जेवायला थांबत जा. एकटीसाठी भाजी टाकावीशी वाटत नाही."

आता अक्का त्या बाईंकडे जातात. बाईंना काय सांगतात, ते मी विचारत नाही. परवाच्या रविवारी जेवणानंतर नानांच्या खोलीत गेलो. दोन खुर्च्या, लाकडी नानांची आणि गादीची येणाऱ्याची; दोन्हींची तोंडं खिडकीकडे, म्हणजे रडणाऱ्याला कुणाच्या नजरेला नजर द्यायला नको. मी लाकडी खुर्ची ओढली. "ती नको," पलंगावर टेकत अक्का म्हणाल्या, "गादीच्या खुर्चीवर बस." बसलो. बाजूची खुर्ची गप्प होती. तशी ती नाना असतानाही फारसं बोलत नसे.